बदलती यंत्रे आणि मतदार : भंडारा-गोंदिया परिसराच्या संदर्भात मतदान साधनांच्या दर्शनी रचनेचा ऐतिहासिक अभ्यास, १९५२ ते २०२४

सारांश

भारतातील मतदानाची साधने १९५२ पासून आजपर्यंत अनेकदा बदलली. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी, नंतर शिक्का मारावयाची मतपत्रिका, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र आणि शेवटी व्हीव्हीपॅट असा हा प्रवास आहे. या प्रवासात यंत्रांची संख्या, त्यांची पिढी आणि त्यांना जोडली जाणारी नवी उपकरणे सतत बदलत राहिली. मतदारासमोरची बाजू मात्र शक्य तितकी तीच ठेवण्याचा प्रयत्न झाला. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रयत्नाचा इतिहास भंडारा-गोंदिया परिसराच्या अनुभवाच्या आधारे तपासला आहे. बदलाचा भार नाहीसा होत नाही, तो केवळ एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, हा या निबंधाचा मुख्य निष्कर्ष आहे.

बीजशब्द : मतदान यंत्र, दर्शनी रचना, व्हीव्हीपॅट, भंडारा-गोंदिया, निवडणुकीचा इतिहास.

प्रस्तावना

कोणत्याही यंत्राला दोन बाजू असतात. एक बाजू वापरणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला लागते. तिला संगणकशास्त्रात यूजर इंटरफेस असे म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिचा उल्लेख ‘दर्शनी बाजू’ असा केला आहे. दुसरी बाजू तारा, मंडले, बॅटऱ्या आणि जोडण्या यांची असते व ती वापरणाऱ्याला सहसा दिसत नाही. मागची यंत्रसामग्री बदलत असताना दर्शनी बाजू कशी असावी, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न मानला जातो. परंतु ज्या देशात कोट्यवधी नागरिक काही वर्षांतून एकदाच, काही सेकंदांपुरते एखादे यंत्र हाताळतात आणि त्या हाताळणीवर शासनाचे भवितव्य ठरते, तेथे हा प्रश्न इतिहासाचा आणि लोकशाहीचाही होतो.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी गोंदिया जिल्हा उपयुक्त आहे. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा त्याचा निवडणूक इतिहास भंडाऱ्याचा इतिहास आहे. लोकसभेच्या १९५४ सालच्या एका गाजलेल्या पोटनिवडणुकीपासून २०१८ च्या तितक्याच गाजलेल्या पोटनिवडणुकीपर्यंत मतदान साधनांच्या रचनेचे जवळजवळ सर्व प्रश्न या परिसरात प्रत्यक्ष अनुभवास आलेले आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मतदान साधनांनी बदलती उमेदवारसंख्या कशी सामावून घेतली, याचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२. इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या लवचीक रचनेमागील तत्त्व स्पष्ट करणे.
३. २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीतील अनुभवाचा या दृष्टीने अर्थ लावणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. निवडणूकविषयक कायदे, न्यायालयीन निर्णय, निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धती आणि प्रसिद्ध निवडणूक आकडेवारी यांचा आधार घेतला आहे. मतदान यंत्रांच्या विश्वासार्हतेबाबत चाललेला राजकीय वाद हा या निबंधाचा विषय नाही. जेथे तो रचनेच्या प्रश्नाशी जोडलेला आहे, तेवढ्यापुरताच त्याचा उल्लेख केला आहे.

उमेदवार तितक्या पेट्या : १९५२ ते १९५७

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपुढील सर्वांत मोठी अडचण निरक्षरता ही होती. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात यावर जो उपाय योजला गेला, तो दर्शनी रचनेचा उत्तम नमुना आहे. मतदाराने काहीही लिहावयाचे नाही, खूण करावयाची नाही. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह आणि मतदाराच्या हाती एक कागद. तो कागद हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकला की मतदान पूर्ण झाले.

मतदारासाठी ही पद्धत अत्यंत सोपी होती, परंतु तिचा भार यंत्रसामग्रीवर पडला. उमेदवार वाढला की प्रत्येक केंद्रावर एक पेटी वाढे. देशभरात सुमारे वीस लाख पोलादी पेट्या लागल्या. त्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, दर्शनी बाजू सोपी ठेवण्याची किंमत पोलादात मोजली गेली.

या सोप्या रचनेतही एक कठीण जागा होती. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. अशा मतदारसंघात एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागा असे व मतदाराला दोन मते असत. ही दोन मते दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकावी लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्यास एक मत वाया जाई. १९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. तेथे सुमारे ७४ हजार मते बाद ठरली होती. त्याविरुद्ध डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जही दाखल केला होता. पेटीसमोर उभ्या असलेल्या मतदाराला आपले दुसरे मत वाया जात असल्याची कोणतीही सूचना मिळत नसे. रचना चूक स्वीकारीत होती, परंतु चूक दाखवीत नव्हती.

भंडारा हाही असाच द्विसदस्यीय मतदारसंघ होता व तो त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यात मोडत होता. तेथील १९५२ ची निवडणूक सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी १९५४ च्या निर्णयाने रद्द ठरली आणि त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे होते. भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. ही डॉ. आंबेडकरांनी लढविलेली लोकसभेची अखेरची निवडणूक होय. त्या निवडणुकीची राजकीय कारणमीमांसा येथे अभिप्रेत नाही. तथापि या परिसरातील मतदाराला ‘एक मतदार, दोन मते’ या रचनेचा परिचय तेव्हापासून आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. द्विसदस्यीय मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.

वाढता कागद : १९६२ ते १९९६

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत स्वतंत्र पेट्यांची पद्धत मागे पडली. सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर छापली जाऊ लागली आणि मतदाराने फुलीच्या शिक्क्याने आपली पसंती दर्शवावी, असे ठरले. पेट्यांची संख्या घटली व त्यांचे उमेदवारसंख्येशी असलेले नाते तुटले. त्याऐवजी कागदाचा आकार उमेदवारसंख्येशी जोडला गेला. मतदाराला मात्र आता नवे काम आले. शिक्का नेमक्या चौकटीत मारणे, शाई दुसऱ्या चौकटीवर उमटणार नाही अशी घडी घालणे आणि मग कागद पेटीत टाकणे, ही ती कामे होत. मतमोजणीच्या वेळी बाद मतांचा स्वतंत्र गठ्ठा करावा लागे, तो यामुळेच.

कागद किती वाढू शकतो, याची कसोटी १९९६ मध्ये लागली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी बेळगाव लोकसभा मतदारसंघात मोठ्या संख्येने अर्ज भरले आणि तेथे ४५६ उमेदवार रिंगणात राहिले. त्याच वर्षी तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते व तेथे मतपत्रिकेची पुस्तिकाच छापावी लागली. बेळगावच्या मराठी भाषकांनी मतपत्रिकेलाच निषेधाचे साधन केले, असे म्हणता येईल. साधन सामान्य परिस्थितीसाठी घडविलेले होते. त्याच्या मर्यादेवर नेमके बोट ठेवून त्यांनी आपले म्हणणे मांडले.

यावर शासनाने साधन बदलले नाही, नियम बदलला. १९९६ च्या दुरुस्तीने लोकसभेच्या सर्वसाधारण उमेदवाराची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली. रचना ताणली जात नसेल, तर तिच्यात येणारी संख्याच रोखावी, असा हा उपाय होता. लवचीकतेच्या अभावाची किंमत येथे उमेदवाराने, विशेषतः निर्धन उमेदवाराने मोजली.

न जाणणारे यंत्र : इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राची रचना

इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचा पहिला प्रत्यक्ष वापर केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात मे १९८२ मध्ये ५० मतदान केंद्रांवर झाला. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेथे मतपत्रिकेने फेरमतदान घेण्याचा आदेश दिला. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ समाविष्ट झाले व ते १५ मार्च १९८९ पासून अमलात आले. यंत्रांची निर्मिती बंगळूरुची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांकडे आली. यंत्राच्या बाह्य घडणीत पवई येथील आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील ए. जी. राव व रवी पूवय्या या अध्यापकांचा सहभाग होता. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व मतदारसंघांत यंत्राने मतदान झाले व त्या वेळच्या भंडारा मतदारसंघातील मतदारानेही शिक्का सोडून बटण हाती घेतले.

या यंत्राचे दोन भाग आहेत. कंट्रोल युनिट केंद्राध्यक्ष किंवा मतदान अधिकाऱ्यासमोर असते व बॅलट युनिट आडोशाआड मतदारासमोर असते. बॅलट युनिटवर सोळा निळी बटणे असतात. बटणांशेजारी मतपत्रिकेचा कागद बसविला जातो. उमेदवार सोळांपेक्षा कमी असतील तर उरलेली बटणे झाकली जातात. जास्त असतील तर दुसरे युनिट तारेने पहिल्याला जोडले जाते. एम-२ या पिढीच्या यंत्रात अशी चार युनिटे जोडता येत व ६४ नावांपर्यंत मजल जाई. २०१३ नंतरच्या एम-३ पिढीत चोवीस युनिटे, म्हणजे ३८४ नावे सामावतात.

या रचनेचे मर्म एका गोष्टीत आहे. मूळ यंत्राला उमेदवार ठाऊक नसतो. त्याला फक्त कितव्या युनिटचे कितवे बटण दाबले गेले, एवढेच कळते. त्या बटणाला अर्थ देतो तो शेजारी लावलेला कागद. त्यामुळे आज गोंदियात वापरलेले यंत्र उद्या दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या लिपीत, दुसऱ्या उमेदवारांसाठी जसेच्या तसे वापरता येते. बदलणारी माहिती कागदावर आणि न बदलणारे काम यंत्रात, अशी ही विभागणी आहे. यंत्राची लवचीकता त्याच्या अज्ञानातून आलेली आहे.

या विभागणीचा लाभ पुढे अनेकदा दिसून आला. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय द्यावा लागला, तेव्हा यंत्र बदलावे लागले नाही. शेवटच्या उमेदवाराखालचे आणखी एक बटण उघडे ठेवले गेले व कागदावर एक ओळ वाढली. मे २०१५ पासून नामसाधर्म्याचा घोटाळा टाळण्यासाठी उमेदवाराचे छायाचित्र छापले जाऊ लागले. २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीपासून ते रंगीत व अधिक ठळक झाले. हे सर्व बदल कागदावरच झाले. अंध मतदारासाठी बटणांच्या बाजूला ब्रेल अंक असतात. ते क्रमांक असल्याने उमेदवार बदलले तरी बदलावे लागत नाहीत.

एकच जिल्हा, दोन दर्शनी बाजू

२००८ च्या पुनर्रचनेनंतर गोंदिया जिल्हा दोन लोकसभा मतदारसंघांत विभागला गेला. गोंदिया, तिरोडा व अर्जुनी-मोरगाव हे विधानसभा मतदारसंघ भंडारा-गोंदियात आहेत. आमगाव, सालेकसा व देवरी हे तालुके ज्यात येतात तो आमगाव विधानसभा मतदारसंघ गडचिरोली-चिमूरमध्ये आहे. १९ एप्रिल २०२४ रोजी या दोन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. भंडारा-गोंदियात १८ उमेदवार होते. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ धरून ही संख्या १९ होते, म्हणून तेथे दोन बॅलट युनिटे आवश्यक ठरतात. गडचिरोली-चिमूरमध्ये १० उमेदवार होते व एका युनिटात काम भागते. अशा रीतीने गोरेगावच्या बाजारात भेटणाऱ्या दोन नातेवाइकांपैकी एकाने दोन फलक न्याहाळून मत दिले, तर दुसऱ्याने एकच फलक पाहिला, असे सहज घडू शकते. दोघांनाही करावयाची कृती मात्र एकच होती. चिन्ह शोधावे, निळे बटण दाबावे, लाल दिवा पाहावा, आवाज ऐकावा.

ही लवचीकता कोठपर्यंत ताणता येते, हे तेलंगणातील निझामाबादने दाखविले. तेथे ११ एप्रिल २०१९ रोजी १८५ उमेदवार होते. त्यांपैकी बहुसंख्य आपल्या मालाच्या भावासाठी उभे राहिलेले शेतकरी होते. प्रत्येक केंद्रावर बारा बॅलट युनिटे मांडावी लागली. बेळगावात १९९६ मध्ये जे कागदाला जड गेले, ते यंत्राने पेलले. परंतु बारा फलकांतून आपले चिन्ह शोधण्याचे श्रम मतदारालाच करावे लागले. यंत्राची क्षमता वाढली म्हणून मतदाराची नजर वाढत नाही, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत आणखी एक गुंतागुंत येते. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. गोंदिया जिल्हा परिषद व पंचायत समित्यांसाठी २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ रोजी मतदान झाले. अशा निवडणुकीत मतदार जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक आणि पंचायत समितीच्या गणासाठी एक, अशी दोन मते एकाच वेळी देतो. म्हणजेच १९५४ च्या मतदारासमोरची ‘दोन मते’ ही समस्या वेगळ्या रूपात परत आली आहे. फरक असा की पेटी मुकाट्याने चूक स्वीकारीत असे, तर यंत्र एका पदासाठी एकच मत नोंदविते. प्रतिसाद देणारी दर्शनी बाजू ही या सत्तर वर्षांतील खरी प्रगती होय.

जोडले गेलेले नवे उपकरण : २०१८ चा अनुभव

यंत्राच्या पाठीमागे काय घडते हे मतदाराला दिसत नाही, हा आक्षेप आरंभापासून होता. त्यावर उपाय म्हणून व्हीव्हीपॅट आले. दाबलेल्या बटणाप्रमाणे उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते व मग बंद पेटीत पडते. २०११ च्या जुलै महिन्यात लडाख, तिरुवनंतपुरम, चेरापुंजी, पूर्व दिल्ली आणि जैसलमेर अशा भिन्न हवामानाच्या ठिकाणी त्याची क्षेत्रीय चाचणी झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी ते टप्प्याटप्प्याने सर्वत्र लागू करण्याचे निर्देश दिले.

रचनेच्या दृष्टीने व्हीव्हीपॅट हे केवळ आणखी एक उपकरण नव्हते. त्याने मूळ विभागणीच बदलली. चिठ्ठी छापावयाची तर यंत्राला उमेदवाराचे नाव व चिन्ह ठाऊक असावे लागते. त्यासाठी निवडणुकीपूर्वी चिन्हे भरण्याचे स्वतंत्र उपकरण वापरावे लागते. जे यंत्र आजवर केवळ क्रमांक जाणत होते, त्याचा एक भाग आता चिन्ह जाणू लागला. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात चिन्हे भरण्याची ही उपकरणे मोहोरबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस जतन करण्याचा आदेश दिला, त्याचे कारण येथे सापडते. जेथे माहिती बदलते, तेथे पहारा लागतो.

दुसरा बदल भौतिक स्वरूपाचा होता. बटण, दिवा व तार यांच्या साध्या मांडणीत आता छपाई यंत्र, कागदाचे रीळ व प्रकाशाला प्रतिसाद देणारे संवेदक आले. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीचे मतदान झाले. आमगाव भागातील मतदार त्यात नव्हते. पूर्व विदर्भात मे महिन्याचा अखेरचा आठवडा म्हणजे उन्हाळ्याचा कडेलोट. अनेक केंद्रांवर व्हीव्हीपॅट बंद पडले व मतदान खोळंबले. ३० मे रोजी या मतदारसंघातील ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. त्याच दिवशी उत्तर प्रदेशातील कैराना मतदारसंघातही ७३ केंद्रांवर फेरमतदान झाले. ३१ मे रोजी मतमोजणी झाली.

निवडणूक आयोगाने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार प्रखर प्रकाशाचा संवेदकांवर झालेला परिणाम आणि हाताळणीतील उणिवा ही बिघाडाची कारणे होती. पुढे संवेदकांवर प्रकाश अडविणारे आच्छादन बसविण्यात आले व हवेतील दमटपणा न शोषणारा कागद वापरण्यात आला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सर्व केंद्रांवर व्हीव्हीपॅट वापरले गेले.

या घटनेचा विचार करताना एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बॅलट युनिट व कंट्रोल युनिट यांची दर्शनी बाजू अनेक वर्षांच्या वापरात घासूनपुसून सिद्ध झाली होती. नव्या उपकरणाची कार्यकक्षा मात्र आडोशातील प्रकाश, खोलीचे तापमान आणि ते खिडकीपासून किती अंतरावर ठेवले आहे, या गोष्टींपर्यंत पोहोचली. जिल्हा परिषद शाळेची कौलारू खोली आणि तिची पश्चिमेकडील खिडकी हीसुद्धा यंत्राचा भाग झाली. बटण दाबणाऱ्या मतदाराला यांपैकी काहीही कळण्याचे कारण नव्हते. त्याला एवढेच दिसले की रांग पुढे सरकत नाही. उन्हात तासभर उभा राहून परत गेलेला मजूर दोन दिवसांनी रोजी बुडवून पुन्हा येईलच, याची हमी कोणतीही रचना देऊ शकत नाही.

केंद्राध्यक्ष : रचनेतील अदृश्य दुवा

मतदारासमोरची बाजू स्थिर ठेवल्यावर बदलाचा भार कोणी उचलला, या प्रश्नाचे उत्तर मतदान पथकाकडे पाहिल्यास मिळते. पथकात शिक्षक, प्राध्यापक, तलाठी, ग्रामसेवक व कार्यालयीन कर्मचारी असतात. युनिटे योग्य क्रमाने जोडणे, मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेणे, ती मते पुसणे व चिठ्ठ्या काढून मोहोरबंद करणे, ही कामे पथकाची आहेत. मतदान चालू असताना कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडल्यास संपूर्ण संच बदलावा लागतो. केवळ व्हीव्हीपॅट बिघडल्यास तेवढेच बदलावयाचे असते. एम-२ व एम-३ पिढ्यांचे भाग एकमेकांस जोडता येत नाहीत, म्हणून राखीव यंत्रही त्याच पिढीचे असावे लागते.

येथे रचनेतील असमतोल स्पष्ट होतो. मतदाराच्या बाजूस रंग, चिन्ह, दिवा, आवाज आणि ब्रेल अंक आहेत. केंद्राध्यक्षाच्या बाजूस लहानशा पडद्यावर ‘लिंक एरर’ यासारखी त्रोटक अक्षरे उमटतात. त्या अक्षरांचा अर्थ तार सैल आहे, क्रम चुकला आहे की युनिट निकामी आहे, हे त्याने प्रशिक्षणातील आठवणीवरून ठरवावयाचे असते. निवडणुकीचे काम काही वर्षांतून एकदा येते व दरम्यान यंत्राची पिढी बदललेली असते. नक्षलग्रस्त भागातील केंद्रांवर मतदानाची वेळ दुपारी तीनपर्यंतच असते. क्षेत्रीय अधिकाऱ्याचे वाहन जंगलातील रस्त्याने राखीव यंत्र घेऊन येईपर्यंत गेलेला प्रत्येक क्षण तेथे अधिक मोलाचा ठरतो. म्हणून केंद्राध्यक्ष हाही यंत्राचा वापरकर्ता आहे, ही गोष्ट रचनाकारांनी गृहीत धरली पाहिजे.

निष्कर्ष

१. १९५२ पासूनच्या प्रत्येक मतदान पद्धतीला बदलती उमेदवारसंख्या सामावून घ्यावी लागली. हा भार पेटीच्या काळात पोलादावर, मतपत्रिकेच्या काळात कागदावर व मतदाराच्या कौशल्यावर आणि यंत्राच्या काळात मतदान पथकावर पडला.

२. इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राची लवचीकता बदलणारी माहिती कागदावर व न बदलणारे काम यंत्रात ठेवण्याच्या तत्त्वातून आली. व्हीव्हीपॅटने मतदाराला पडताळणीची संधी दिली, परंतु ही विभागणी काही अंशी मोडली. त्यामुळे नवी सुरक्षा व्यवस्था आवश्यक झाली.

३. भंडारा-गोंदियाच्या २०१८ च्या अनुभवावरून असे दिसते की जुन्या व सिद्ध रचनेला नवे उपकरण जोडले जाते, तेव्हा संपूर्ण रचनेचे बळ त्या नव्या उपकरणाच्या बळाइतकेच राहते. पाच ठिकाणची हवामान चाचणीही मे महिन्यातील शाळेच्या खोलीची जागा घेऊ शकली नाही.

४. १९५४ मधील पेटी आणि आजचे यंत्र यांत महत्त्वाचा भेद प्रतिसादाचा आहे. मतदाराला आपली कृती पूर्ण झाली की नाही हे कळणे, ही दर्शनी रचनेची किमान अट मानली पाहिजे.

शिफारशी

उपर्युक्त विवेचनाच्या आधारे तीन सूचना कराव्याशा वाटतात. कंट्रोल युनिटवरील त्रुटीसूचना त्या त्या राज्याच्या भाषेत व पुढे करावयाच्या कृतीसह दिसाव्यात. नवे उपकरण वापरात आणण्यापूर्वी त्याची चाचणी प्रत्यक्ष मतदान केंद्राच्या खोलीत, त्या प्रदेशातील सर्वांत कठीण ऋतूत व्हावी. तसेच प्रत्येक फेरमतदानानंतर किती मतदार पुन्हा आले व किती आले नाहीत, याची केंद्रनिहाय तुलना प्रसिद्ध व्हावी. यंत्र दुरुस्त झाले की बिघाड संपला, असे तंत्रज्ञाला म्हणता येते. लोकशाहीच्या दृष्टीने परत गेलेला शेवटचा मतदार येऊन मत देईपर्यंत तो बिघाड संपलेला नसतो.